पूजेला नसलेली पेटी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हिंदुरावांनी गाडीची चावी फिरवली. इंजिनाने अर्धा फेरा घेतला, आत ठक्कन एकच आवाज झाला आणि सगळं गप्प झालं.

खंडेनवमी होती, दसऱ्याच्या आदला दिवस. हडपसरच्या पुढे, कालव्यालगतच्या बंगल्याच्या अंगणात दोन दारांची लाल गाडी निथळत उभी होती. बोनेट उघडं होतं. शेजारच्या वॉशिंग सेंटरमधून मागून आणलेला पाण्याचा पंप अजून घुरघुरत होता. हिंदुरावांचा हात पुन्हा चावीकडे गेला, आणि तिथेच थांबला.

तो थांबला त्याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी, ही सगळी उसाची शेतं होती तेव्हा, विहिरीवरचं डिझेल इंजिन असंच अडलं होतं. हिंदुराव हँडलला लोंबकळून जोर लावत होते. दुरुस्तीला आलेले मकसूद मिस्त्री बांधावरून ओरडले होते, "अडलेल्या जनावराला आणि अडलेल्या इंजिनाला जोर लावायचा नाही, पाटील. आधी कान लावायचा." तेवढं बोलून त्यांनी खरंच इंजिनाला कान लावला होता. ऊस वाचला होता. मकसूद मिस्त्री जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण त्या सकाळी त्यांचं ते वाक्य हिंदुरावांच्या मनगटाला धरून बसलं. त्यांनी चावी काढली आणि बंडीच्या खिशात घातली.

गाडी त्यांची नव्हती. त्यांच्या मुलीची, शालूची होती.

आसपासच्या गावांतल्या जमिनी बिल्डरांना गेल्या तेव्हा घरोघरी मोठाल्या पांढऱ्या गाड्या आल्या. पोरांनी बापाकडे मागितल्या, बापांनी घेऊन दिल्या. हिंदुरावांचीही जमीन गेली, पैसा आला. शालूने मात्र त्यातलं काही मागितलं नाही. ती खराडीच्या एका कंपनीत नोकरीला होती. चार वर्षं पगार साठवून तिने बाणेरच्या एका डॉक्टरांकडून चौदा वर्षं वापरलेली ही परदेशी बनावटीची स्पोर्ट्स कार घेतली. गियर टाकायला तिला हिंदुरावांनीच शिकवलं होतं, ती दहा वर्षांची असताना, ट्रॅक्टरवर. "माझ्या पैशाची आहे, आप्पा. बंद पडली तरी माझ्याच पैशाने चालू होईल," असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. लोकांसमोर हिंदुराव या हट्टाला नावं ठेवत. एकटे असले की देवाचे आभार मानत.

आणि गाडी बंद पडायला लगेच सुरुवात झाली. पहिल्या महिन्यात क्लच घसरायला लागला. सुटे भाग मुंबईहून आले, आणि बिल ऐकून हिंदुराव म्हणाले, "एक दुभती म्हैस गेली." त्यांना दुसरा हिशेब येतच नव्हता. पुढचे दोन शॉकॲब्सॉर्बर बसले, ती जर्सी गाय. कालव्याच्या पुलावरच्या गतिरोधकाला खालची ऑइलची टाकी घासून फुटली, ती पारडी. काच वरखाली करणारी मोटर जळाली तेव्हा ते सुस्कारा टाकून म्हणाले, "चला, ह्या खेपंला शेळीवर भागलं." शिवाय गाडी ऑइल पीत असे, म्हणून डिकीत ऑइलचा डबा कायम असायचा. शालू हसून म्हणायची, "आप्पा, सेकंडहँड स्पोर्ट्स कार म्हणजे गोठाच आहे. दावणीला एकच, पण खाते दहांचं."

तरीही ती विकायचं नाव काढत नव्हती. फक्त एक गोष्ट तिने आईला, प्रेमलाबाईंना सांगून ठेवली होती, आणि प्रेमलाबाईंनी ती हिंदुरावांना सांगितली होती. इंजिन गेलं तर संपलं. नवीन इंजिन गाडीच्या किमतीच्या वर जातं. तसं झालं तर ती गाडी सुट्या भागांच्या भावाने देऊन टाकणार आणि पुन्हा या नादाला लागणार नाही.

हे माहीत असूनही हिंदुरावांनी त्या पहाटे पंप सुरू केला होता. त्यांच्या लेखी त्यात धोका नव्हताच. खंडेनवमीला लोखंडाची पूजा असते, आणि पूजेआधी लोखंड धुवायचं असतं. तीस वर्षं त्यांनी ट्रॅक्टर असाच धुतला होता, बोनेट उघडून, इंजिनावर धार मारून. धुऊन झालं की चालू करायचा, इंजिन तापलं की पाणी उडून जातं. जमीन गेली तसा ट्रॅक्टरही गेला. गेली काही वर्षं पूजेच्या पाटावर एक कोयता, एक खुरपं आणि प्रेमलाबाईंची विळी एवढंच असायचं. हिंदुरावांना त्या पाटाकडे बघवत नसे. यंदा अंगणात पूजेच्या तोलाचं लोखंड उभं होतं, आणि ते लेकीने स्वतःच्या कमाईचं आणलं होतं. बॅटरीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधायला ते विसरले नाहीत. पण ट्रॅक्टरचं हवा ओढायचं नाक बोनेटच्या वर असतं, धुराड्यासारखं. या गाडीचं नाक खाली दिव्यामागे होतं, आणि डॉक्टरांनी आवाज भारी यावा म्हणून त्यावरचा डबा काढून नुसता उघडा गोल फिल्टर बसवला होता. हिंदुरावांना तो मळका दिसला. त्यांनी धार त्याच्यावर जरा जास्तच वेळ धरली.

शालू दात घासत बाहेर आली. पंप, बोनेट, फिल्टर, बाप, असं क्रमाने बघत गेली.

"आप्पा, स्टार्ट केलीत?"

"येकदाच."

"किती वेळा?"

"येकदाच म्हणलो की. ठक् झालं. मग न्हाई मारली."

ती तोंड धुऊन आली आणि फोन लावला. चिडलीच असती तर बरं झालं असतं, असं हिंदुरावांना वाटलं.

फोन मेहबूबभाईंना होता, मकसूद मिस्त्रींच्या मुलाला. वैदुवाडीत त्यांचं गॅरेज आहे. मेहबूबभाईंनी सगळं ऐकून घेतलं. "चावी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"आप्पांच्या खिशात."

"खिशातच राहू दे. इथवर ओढून आणा, चावी स्टिअरिंगचं कुलूप सुटण्यापुरतीच लावा. आणि बेटा, आज काय आहे माहीत आहे ना?"

शालूला माहीत होतं. हिंदुरावांनाही होतं, आणि ते आठवल्यावर त्यांचा चेहरा आणखी उतरला.

दसऱ्याच्या गर्दीत क्रेन मिळेना. शेजारच्या मच्छिंद्रचा टेम्पो मार्केट यार्डात झेंडू उतरवून नुकताच आला होता. त्याला दोर बांधला. शालू स्टिअरिंगवर, हिंदुराव शेजारच्या सीटवर, गुडघे छातीशी घेऊन. सोलापूर रस्त्याला दोन्ही बाजूंनी झेंडूचे ढीग लागले होते. टेम्पोतल्या उरल्यासुरल्या पाकळ्या उडून काचेवर येत होत्या. इंजिन बंद असल्यामुळे ब्रेक दगडासारखा झाला होता, शालू दोन्ही पायांनी दाबत होती. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढली. "काय मॅडम, पेट्रोल परवडेना वाटतं?"

"नाही हो, झेंडू परवडेना. म्हणून टेम्पोच्या मागे मागे जातोय, पडेल तो घ्यायला."

हिंदुरावांना हसू आलं आणि लगेच त्यांनी ते गिळलं. मग हळूच म्हणाले, "शालू, खर्च माझा."

"आप्पा, तो विषय नको."

"चूक माझी हाय न्हवं?"

"चूक तुमची, गाडी माझी. आधी बघू तरी काय झालंय."

गॅरेजच्या दारात शटर अर्धं वर होतं. आतला ओटा सारवल्यासारखा स्वच्छ, त्यावर लाल कापड, कापडावर पाने, पक्कडी, हातोड्या, जॅक ओळीने मांडलेले. प्रत्येकाला हळदकुंकू. कॉम्प्रेसरच्या गळ्यात झेंडूचा हार. आणि खुर्चीवर, हातात काठी घेऊन, सोजरबाई.

गॅरेजची रीत अशी होती. मकसूद मिस्त्रींनी आणि गेनबांनी मिळून ते सुरू केलं होतं, पाटीवर अजून दोघांची नावं आहेत. गेनबा खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसवत आणि दुसऱ्या दिवशी सोनं वाटून होईपर्यंत एकाही पान्याला हात लागू देत नसत. मकसूद मिस्त्रींनी ती रीत भागीदारीइतकीच पाळली. गेनबा गेले, मग मकसूद गेले. आता मेहबूबभाई दर वर्षी गेनबांच्या बायकोला, सोजरबाईंना, रिक्षा पाठवून बोलावतात. त्या कुंकू लावतात, मग हत्यारं झोपतात. या दिवशी गॅरेजसमोर मंत्र्याची गाडी बंद पडली तरी ती उद्यावर जाते, असं वैदुवाडीत म्हणतात.

मेहबूबभाईंनी बोनेटखाली वाकून पाहिलं. फिल्टर हाताने पिळला. पाणी गळलं.

"नाकातोंडात पाणी गेलंय. सिलिंडरमध्ये पाणी दाबलं जात नाही, म्हणून अडली. आतला पिस्टनचा रॉड वाकला असेल किंवा नसेल. पण पाणी आतून आजच काढायला हवं. उद्यापर्यंत ठेवलं तर सिलिंडरच्या भिंतींना गंज धरेल, मग रॉड सरळ असूनही उपयोग नाही."

एवढं बोलून त्यांनी ओट्याकडे पाहिलं. हिंदुरावांनीही पाहिलं. 'उचला तेवढे पाने' हे शब्द त्यांच्या ओठांवर आले होते. पण पूजेला बसलेलं लोखंड उठवा म्हणायचं, तेही पूजेपायीच गाडी बुडवून? त्यांनी टोपी काढली आणि परत घातली.

"दुसरं गॅरेज बघतो, मेहबूबभाई. तुमची रीत मोडायला न्हाई आलो."

"दुसरं कोण उघडं आहे आज, दादा? आणि ही गाडी त्यांनी उघडली तर उद्या मलाच बंद करावी लागेल."

सोजरबाईंनी काठी आपटली. "मेहबूब, तू हात लावायचा नाहीस. गेनबा वरून बघत असतील. आणि तुझा बाप त्यांच्या शेजारी बसला असेल."

"मी कुठे काय म्हणतोय, काकी."

तेवढ्यात शालूने डिकी उघडली आणि पान्यांची निळी पेटी बाहेर काढली. ऑनलाइन मागवलेली, अजून नव्याचा वास न गेलेली. "काका, ही माझी. पूजेला नव्हती. आप्पांची पूजा व्हायच्या आधीच गाडी बुडाली."

 सगळे सोजरबाईंकडे बघत होते. त्यांनी पेटीकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"कुंकू नाही लागलं?"

"नाही, आजी."

"मग तिला सुट्टी कसली? पूजा नाही तर रजा नाही." आणि मेहबूबभाईंकडे काठी रोखून, "पण हात पोरीचे. तुझं नुसतं तोंड."

"तोंडाला रजा नाही का, काकी?"

"तुझ्या तोंडाला कधी होती?"

मग काम सुरू झालं. मेहबूबभाई हात पाठीमागे बांधून उभे राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. शालूने पेटी उघडली. "कॉइल काढ. ओढू नकोस, आधी क्लिप. हां. आता प्लग. उलटा फिरव, बेटा, घड्याळाच्या उलटा, तुमच्या कंपनीचं घड्याळ वेगळं आहे का?" एकदा त्यांचा हात सवयीने पान्याकडे गेला आणि सोजरबाईंची काठी बरोबर मनगटावर बसली.

हिंदुराव टॉर्च धरून उभे होते. शालूने चारही प्लग काढले. पुढच्या मोठ्या बोल्टला पाना लावून तिने दोन्ही हातांनी इंजिन फिरवायला सुरुवात केली. हातावरच्या शिरा तट्ट उभ्या राहिल्या. हिंदुरावांनी टॉर्च दुसऱ्या हातात घेतला, पुढे सरले, आणि परत मागे आले. 'जोर लावू नको' म्हणायचं त्यांच्या मनात होतं. ती लावतच नव्हती. थोडं फिरवायची, थांबायची, ऐकायची, पुन्हा थोडं फिरवायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. की त्यांनीच कधीतरी ट्रॅक्टरवर बोलता बोलता शिकवलं होतं, त्यांना आठवेना.

तिसऱ्या भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट हिंदुरावांच्या बंडीवर.

"घ्या," शालू म्हणाली, "तुमचं पाणी तुम्हाला परत."

सकाळपासून ती पहिल्यांदा त्यांच्याशी गमतीने बोलली होती. हिंदुराव बंडी पुसायला गेले नाहीत.

खालून जुनं ऑइल सोडलं तर ते दुधाच्या चहासारखं आलं. आत वारा मारून कोरडं करायचं होतं, पण कॉम्प्रेसरच्या गळ्यात हार. वरच्या मजल्यावरून मेहबूबभाईंच्या पत्नी अख्तरबानू हे सगळं गॅलरीतून बघत होत्या. त्या केस वाळवायचं यंत्र घेऊन खाली आल्या. सोजरबाईंनी विचारलं, "हे हत्यार आहे का?"

"हे माझं आहे, काकी. याची कोण पूजा करतंय? यांना तर त्याचं विजेचं बिलच दिसतं."

ते चाललं. दुपारी शालूने डिकीतलं नवं ऑइल भरलं, प्लग पुसून परत बसवले, फिल्टरऐवजी तात्पुरतं कोरडं कापड बांधलं, आणि मेहबूबभाईंनी हिंदुरावांना हाक मारली. "दादा, चावी."

हिंदुरावांनी खिशातून चावी काढली आणि शालूच्या हातात ठेवली. तिने ती घेतली नाही. "तुम्ही मारा. सकाळी अर्धवट राहिलीय."

"मी न्हाई."

"आप्पा, मारा हो."

ते सीटवर बसले. चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला, अख्तरबानू पदर नाकाला लावून मागे सरल्या, आणि गाडी सुरू झाली. हिंदुरावांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत.

धूर ओसरला तेव्हा खालून बारीक टकटक ऐकू आली.

मेहबूबभाईंनी इकडेतिकडे पाहिलं. ऐकायला ते एरवी लांब स्क्रूड्रायव्हर वापरतात. तो कुंकू लावून झोपला होता. त्यांनी सोजरबाईंपुढे हात केला. "काकी, काठी."

काठीचं एक टोक इंजिनावर टेकवून दुसरं त्यांनी कानाला लावलं आणि डोळे मिटले. हिंदुरावांनी त्या मिटल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि त्यांना विहिरीवरची ती संध्याकाळ दिसली. तीच मान, तशीच कललेली.

"तिसरा," मेहबूबभाई म्हणाले. "रॉड थोडा वाकलाय, किंवा पिस्टनच्या रिंगा पाण्याने चिकटून बसल्यात. रिंगा असतील तर चालता चालता सुटतील. रॉड असेल तर सुटणार नाही. दाब मोजायचा मीटर लावल्याशिवाय बोलत नाही, आणि मीटर झोपलाय. पण एक सांगतो, दादा. दुसऱ्यांदा चावी मारली असती तर आज मला बोलण्यासारखं काही उरलं नसतं. तुम्हाला थांबवलं कोणी?"

"तुमच्या वडलांनी."

मेहबूबभाई काठीचं ऑइल लागलेलं टोक बराच वेळ पुसत राहिले. ते आधीच पुसून झालं होतं. मग त्यांनी काठी सोजरबाईंच्या हातात परत दिली.

दसऱ्याच्या सकाळी हिंदुराव आपट्याची पानं घेऊन गॅरेजात पहिले हजर झाले. सोजरबाईंच्या पाया पडले, मेहबूबभाईंना गळामिठी दिली. सोनं वाटून झालं, हत्यारं उठली, मीटर लागला. पहिला, दुसरा, चौथा सिलिंडर बरोबरीचे, तिसऱ्याचा दाब थोडा खाली. वाकलेल्या रॉडइतका खाली नाही, निरोगी म्हणण्याइतका वरही नाही.

"इंजिन उघडलं तर?" शालूने विचारलं.

मेहबूबभाईंनी आकडा सांगितला. हिंदुराव मनात मोजत होते. "तीन म्हशी," ते म्हणाले, "त्यातली येक गाभण."

"न उघडता?"

"दोनशे किलोमीटर सांभाळून चालव. मग परत मीटर. आवाज वाढला तर त्याच क्षणी बंद."

घरी परतताना शालूने स्वतःहून विषय काढला. "आप्पा, उघडावं लागलं तर निम्मा खर्च तुमचा. जमिनीचा पैसा नाही, तुमच्या पेन्शनीतून, महिन्याला थोडा थोडा. चालेल?"

हिंदुरावांची पेन्शन म्हणजे गाव महापालिकेत जाण्याआधी ग्रामपंचायतीत केलेल्या वॉचमनकीची काय ती थोडकी रक्कम. त्यात एका शेळीचंही भागलं नसतं. पण लेकीने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. "चालंल," ते म्हणाले, आणि काचेतून बाहेर बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "चालंल म्हणजे, लई चालंल."

त्या संध्याकाळी अंगणात आदल्या दिवशी राहून गेलेल्या पूजेचा पाट मांडला गेला. कोयता, खुरपं, विळी, आणि मधोमध निळी पेटी. प्रेमलाबाईंनी कुंकू लावलं. गाडीला हार घातला तो बोनेट बंद ठेवून.

आज कोजागरी, आणि आतापर्यंत गाडी एकशे साठ किलोमीटर चालली आहे. रोज सकाळी ती सुरू झाली की हिंदुराव सोजरबाईंच्या काठीसारखीच एक वेताची काठी घेऊन येतात, टोक इंजिनावर टेकवतात आणि कान लावतात. तिसऱ्या सिलिंडरची टकटक अजून आहे. वाढलेली नाही. थांबलेलीही नाही.